सुधेच्या काठी तंबू

30 डिसेंबर 2024, सोमवार
येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. हिचं माहेर उदगीरकडचं, म्हणून भोकर तालुक्यातल्या आमच्या शेतातही कडब्याची कोपी उभी राहते. पांडव मांडले. भज्जी, उंडे, आंबील. शेजारचे जेवून गेले.
कोपीशेजारी पुतण्याने तंबू ठोकला. निळा, दोन माणसांचा. लेकरं कोपी सोडून तंबूत शिरली.
जेवण उरकल्यावर त्याने विषय काढला. सुधा धरणाच्या फुगवट्याला लागून आपली जमीन आहे, तिथे बारा तंबू आणि तीन घरगाड्या. "काका, पाणी बघून लोक येतेत. आपल्याकडं पाणी हाय, कुणी येत नाही." कागद दाखवले. राज्याने 2021 मध्ये आणलेल्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाची छापील प्रतही त्यात होती.
मी पाटबंधारे खात्यात आयुष्य घातलं. लगेच बोललो नाही. कागद वाचायला घेतले.

31 डिसेंबर
दुपारी त्याच्यासोबत काठावर गेलो. पोळ्याच्या पावसाचं पाणी अजून टिकून आहे. चक्रवाकांच्या जोड्या, तलवार बदकं, वारकरी खूप. पट्टकादंब हंसांचा एक थवा मधल्या उथळ पाण्यावर मान पंखांत घालून बसलेला. भर दुपारी झोप.
रात्री तिथेच तंबूत राहिलो. पलीकडच्या काठावर सहा-सात गाड्या आल्या. मोठे दिवे पाण्यावर सोडलेले. स्पीकर.
बाराला फटाके.
आकाशात एकदम कालवा झाला. अंधारात काही दिसेना, नुसते पंख आणि हाका. हाका बराच वेळ डोक्यावरून फिरत राहिल्या. नंतर उत्तरेकडे गेल्या.

1 जानेवारी 2025
पाणी मोकळं. वारकरी तेवढे लव्हाळ्यात. एकही पट्टकादंब नाही.
पलीकडच्या काठावर बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, जळलेल्या फटाक्यांचे कागद. पुतण्याने पोतं भरलं. त्याला काही बोललो नाही. तोही बोलला नाही.

4 जानेवारी
त्याचा हिशेब नीट पाहिला. सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये, बाजारात त्याला चार हजारांच्या आसपास मिळाले. पुण्यातली नोकरी सुटून दोन वर्षं होत आली. जुना ट्रॅव्हलर कर्जाने घेतला, त्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी स्वतःच्या हाताने बसवली. काम सुबक आहे. सुताराचं वाटावं असं.
हे पोरगं गावात राहू पाहतंय. त्याला नुसतं 'नको' म्हणणं मला जमणार नाही.
ठरलं. याच गाडीतून आधी दुसऱ्यांचे पाणवठे बघून यायचे.

5 जानेवारी
फुगवट्यात सकाळी थोडे चक्रवाक परतले. पट्टकादंब नाहीत.

7 जानेवारी, पैठण
नाथसागर. आमच्या खात्याचं पंढरपूरच. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पाया घातला, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. दहा किलोमीटरच्या आसपास भिंत, सत्तावीस दरवाजे, शंभर टीएमसीहून जास्त पाणी. बांधताना इथे पक्ष्यांचा विचार कुणाच्या मनात नव्हता. पाणी आलं, काठ उथळ आणि पसरट निघाले, गाळ साचला, शेवाळ आलं, मासे आले, मग पक्षी. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं.
यंदा धरण भरलेलं. त्यामुळे काठाचा चिखल फारसा उघडा पडलेला नाही. चिखलात चोच खुपसून खाणारे पक्षी कमी दिसले. पाणी उतरेल तसे येतील. धरणाची पातळी म्हणजे यांचं ताट. हे मला नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं, आणि पातळीच्या नोंदी तर आम्हीच ठेवत होतो.
रात्री काठावर राहू देत नाहीत. योग्यच आहे. गावाकडे रस्त्याच्या कडेला, चहावाल्याला विचारून गाडी लावली.

8 जानेवारी
कडाक्याची थंडी. गाडीच्या पत्र्याला आतून पाणी. बाहेर दव, आत आमच्या श्वासाची वाफ. पांघरूण ओलं. पुतण्या म्हणाला, वर झरोका पाडायला हवा. पाण्याकाठी बंद खोली चालत नाही, थंडीतसुद्धा वारा खेळता ठेवावा लागतो. वहीत लिहून घेतलं त्याने.
सकाळी गाळपेऱ्यातून चाललो. पाणी हटलेल्या जमिनीत हरभरा, गहू. एक म्हातारा राखणीला. त्याने शेंडे खुडलेली रोपं दाखवली. "हंस खातेत. राती येतेत. दिवसा पाण्यावर निजतेत."
म्हणजे पट्टकादंबांची रात्र ही जेवायची वेळ. बदकांचंही पुष्कळसं तसंच.
31 तारखेची रात्र आठवली. उपाशी उठवलं त्यांना.
म्हाताऱ्याला विचारलं, हाकलत नाही का? म्हणाला, दोन ओळी जातेत, जाऊ द्या.

9 जानेवारी, नांदूर मध्यमेश्वर
निफाड तालुका. गोदावरी आणि कादवा एकत्र येतात तिथला इंग्रजांच्या काळचा बंधारा. गाळ साचत साचत मध्ये बेटं झाली, वर गवत-वेली वाढल्या. आमच्या भाषेत हा तलाव निकामी होत गेला. 2020 मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून जगाच्या यादीत जाहीर झाला. त्याच वर्षी पाठोपाठ लोणार, 2022 मध्ये ठाण्याची खाडी.
मराठवाड्यातला नाथसागर एवढा मोठा, त्या यादीत नाही. जायला हवा.
चापडगावच्या मनोऱ्यावर गावातलीच पोरं दुर्बीण घेऊन उभी. पक्ष्यांची नावं मराठीत, इंग्रजीत, दोन्हीकडून तोंडपाठ. जांभळ्या पाणकोंबड्या हाताच्या अंतरावर. चमचे, रंगीत करकोचे, थापट्या, मोर शराटी. दिवस मावळला की मनोरा रिकामा.
पुतण्या त्या पोरांशी दोन तास बोलत बसला. किती मिळतात, पावसाळ्यात काय करता, दुर्बीण कुणाची. तंबूचा विषय त्याने काढला नाही.

10 जानेवारी
परतीचा रस्ता. दिवसभर गाडी. तो म्हणाला, "काका, पाण्याला चिकटून कुणाचाच तंबू न्हाई."
हूं म्हणालो.

13 जानेवारी
भोगी. बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी. पौर्णिमा.
फ्लोरिडातून भाचीचा फोन. नाताळच्या सुट्टीत ती नवरा-लेकरांसह एव्हरग्लेड्समध्ये तंबूत राहून आली. तिला चारचारदा विचारलं. तिथला प्रदेश आपल्यासारखाच उन्हा-पावसाचा. पाऊस उन्हाळ्यात, हिवाळा कोरडा. लोक राहतात ते कोरड्या महिन्यांत. पावसाळ्यात डासांपुढे कुणी टिकत नाही. गवतातून अख्खी नदी मैलोन्‌मैल पसरून हळूहळू सरकते. 1947 पासून ते राष्ट्रीय उद्यान.
घरगाड्या किती आल्या, कुठून आल्या हे मी विचारत होतो. ती सांगत होती ते निराळं. तंबूला जागा नेमून दिलेली, हौसेने कुठेही ठोकता येत नाही. खाण्याचं सामान रात्री गाडीत बंद. घरगाडीच्या संडासाचं आणि मोरीचं पाणी टाकायला ठरावीक ठिकाण, तिथेच नळी जोडून ओतायचं. रात्री ठरल्या वेळेला जनरेटर बंद. एके ठिकाणी गिधाडं गाड्यांची रबरं सोलतात, म्हणून गाडी झाकायला ताडपत्र्या ठेवलेल्या.
मोरीच्या पाण्यापाशी माझं मन अडकलं. आमच्या धरणाचं पाणी भोकर पितं.

14 जानेवारी
तिळगूळ. पुतण्याला म्हणालो, गोड बोल आणि एक सांग, बारा तंबूंचा मैला कुठे जाईल?
शोषखड्डा, म्हणाला.
काळ्या जमिनीत शोषखड्डा शोषत नाही. आणि फुगवट्यापासून वीस पावलांवर शोषला तरी जाईल कुठे?
तो उठून गेला. ही माझ्यावर रागावली. सणाच्या दिवशी.

16 जानेवारी
तो फिरकला नाही.

18 जानेवारी
हिच्या भावाचा फोन. उदगीरला कावळे मरून पडतायत, पन्नासच्या वर. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल आला, बर्ड फ्लू. दहा किलोमीटरचा परिसर सावधगिरीचा म्हणून जाहीर.
उदगीर आमच्यापासून लांब. तरी मन थाऱ्यावर नाही.
संध्याकाळी पश्चिमेला शुक्र, त्याला चिकटून शनी. बघायला पुतण्या आला. चार दिवसांचं काही काढलं नाही दोघांनीही. उद्या फुगवट्यावर जाऊ म्हणाला.

19 जानेवारी
फुगवट्यावर मेलेला पाणकावळा. छातीत धस्स झालं. हात लावू दिला नाही कुणाला. लांबून दुर्बिणीने बघितलं. गळ्याभोवती, पंखाभोवती नायलॉनचं बारीक जाळं गुंडाळलेलं.
तरी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं. त्यांचा माणूस येऊन हातमोजे घालून घेऊन गेला.
बाकीचे पक्षी बरे दिसतात. पट्टकादंब आले. सगळे आले की नाही सांगता येत नाही, पण मधल्या उथळ पाण्यावर पुन्हा झोपलेले आहेत.

20 जानेवारी
दवाखान्यातून निरोप. जाळ्यातच गुदमरला. रोगाचं लक्षण नाही.

22 जानेवारी
त्याने गाडी काठापर्यंत न्यायचा हट्ट धरला. वरची पापडी सुकलेली, खाली गाळ लोण्यासारखा. मागची चाकं रुतली. ट्रॅक्टर आणून ओढली. चाकांनी पाडलेले दोन चर गाळपेऱ्याच्या हरभऱ्यातून गेले. शेजाऱ्याचा हरभरा. त्याला पैसे देऊ केले, घेतले नाहीत, म्हणून पुतण्याने संध्याकाळपर्यंत त्याच्या रानात पाणी दिलं.
आमच्याकडची काळी जमीन तंबूचीही मैत्रीण नाही. ओली असली की खुंटी उपसते, वाळली की भेगेत खुंटी हरवते. वर मुरमाच्या माळावर खुंटी एकदा बसली की बसली. त्याला दाखवलं. एका खुंटीला दगडाने अर्धा तास लागला, पण मग दोघांनी ओढूनही हलेना.

24 जानेवारी
अर्धापूरकडे कामाला गेलो होतो. कालव्याच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्या. एक बाई दारात भाकरी थापत होती. पुतण्याने तिला कोपीत ओल कशी थांबवता विचारलं. तिने सांगितलं. कोपीभोवती वीतभर चर. खाली आधी मुरूम, त्यावर कडबा, त्यावर पोतं. दार वाऱ्याला पाठ करून. अंथरूण जमिनीवर टाकायचं असेल तर झोपायच्या आधी झटकून. मण्यार रात्री फिरते, चावलेली कळत नाही. लेकरू असेल तर बाज हवीच. धुराला कडुनिंबाचा पाला, पण ओला, आणि कोपीच्या बाहेर.
पुतण्या लिहून घेत होता. तिने विचारलं, "तुमाला कशाला पायजे हे?"
त्याने सांगितलं, शहरातले लोक पैसे देऊन तंबूत राहायला येतील.
तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, आमच्याकडच्या बायांना सैपाकाला बोलव.
परतताना तो म्हणाला, बोलावीन. हंगाम संपल्यावर त्यांच्या हाताला काम नसतं.

26 जानेवारी
काल रात्री पद्म पुरस्कारांची यादी आली. मारुती चितमपल्लींना पद्मश्री. नवेगावच्या तळ्याकाठी त्यांनी वर्षं काढली, मराठीला पक्षिकोश दिला. नव्वदी उलटल्यावर मिळाला, पण मिळाला. फार बरं वाटलं. मी आज चक्रवाक, पट्टकादंब असं लिहितो ते पुष्कळसं त्यांच्यामुळे.
सकाळी झेंडा, मग ग्रामसभा. पुतण्याने उठून आपला बेत मांडला. चांगला बोलला. रोजगार, रस्ता, गावाचं नाव.
मच्छीमार संस्थेचा एकजण म्हणाला, रातचं जाळं टाकतो आम्ही, दिवे पडले की मासा खाली जातो.
मागे बसलेली एक म्हातारी उभी राहिली. तिची सून भोकरला नळाचं पाणी भरते. "तुमचे पावणे जिथं हागतील तिथलं पाणी माझी नातवंडं पितील का?"
कुणी हसलं नाही.
पुतण्या माझ्याकडे पाहत होता. मी उठलो. म्हणालो, आज ठराव नको. त्याला पुढच्या सभेपर्यंत वेळ द्या, तो नवा आराखडा आणेल. सरपंचांनी मान्य केलं.
बाहेर आल्यावर तो म्हणाला, "नवा आराखडा कोणता?"
म्हणालो, तो तुझ्या वहीतच आहे.

27 जानेवारी
वही घेऊन दोघं माळावर बसलो. टेप लावून अंतर मोजलं. फुगवट्याची वरची रेषा मला पाठ आहे, पूर्ण संचय पातळी. तिच्याखालची जमीन संपादित, खात्याची. ती गाळपेऱ्याला हंगामापुरती मिळते, तिथे तंबूच काय, खुंटीही ठोकता यायची नाही. आमची मालकीची त्या रेषेच्या वर. आणि माळ त्याहून वर. मधे सागाची आणि पळसाची ओळ.
माळावरून पाणी दिसतं. पक्षी दिसत नाहीत, दुर्बीण लागते.
"लोकांना पाणी पायजे काका."
लोकांना पक्षी हवे असतील तर हेच अंतर हवं.
तो खोडून पुन्हा लिहीत होता. बाराचे सहा झाले. तीन गाड्यांची एक झाली, आणि ती डांबरी रस्त्याच्या बाजूला. पैसे किती उरतात त्याचा हिशेब पुन्हा केला. कमी उरतात. कर्जाचा हप्ता निघतो, त्यापुढे फार नाही.
त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं. तरी आकडा बदलला नाही.

29 जानेवारी
अमावस्या. माळावर तंबू, मी आणि तो. तांबडा दिवा, तोही जमिनीकडे वळवलेला. गुरू डोक्यावर, मंगळ लाल.
साडेसातच्या सुमाराला पट्टकादंब उठले. पाण्यावरून, आमच्यावरून, पलीकडच्या हरभऱ्याकडे. घोगऱ्या हाका. एकामागून एक तुकड्या. तंबूकडे त्यांचं लक्ष नव्हतं.
पुतण्या उठून बसला. "हे रोज होतंय?"
रोज.
"मग हेच दाखवायचं ना लोकांना. बसवायचं इथं गप. बाकी काय करायचंय."
पहाटे परतले. तंबू आतून कोरडा होता. वर झरोका पाडला आहे त्याने. भोवतीचा चरही खणलेला.

31 जानेवारी
दोन कोरड्या संडासांचे नमुने बघितले. मैला सुकवून खत करायचं, पाणी जवळजवळ लागत नाही. माळावर, रेषेपासून लांब. मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात. घरगाडीची टाकी भोकरला नेऊन रिकामी करायची, इथे नाही. खर्च वाढला. ही म्हणाली, माझ्या पाटल्या आहेत. मी नको म्हणालो. ती ऐकेल असं वाटत नाही.

2 फेब्रुवारी, रविवार
जागतिक पाणथळ दिन. 1971 मध्ये आजच्याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी करार झाला. शाळेतली पोरं काठावर आणली. दुर्बिणीतून पाहायला रांग. एका पोरीने पहिल्यांदा चक्रवाक पाहिला आणि ओरडली. बाकीच्यांनी तिला गप्प केलं.
पुतण्याने आराखडा स्वच्छ लिहिला. ग्रामपंचायतीला आणि पाटबंधारे शाखेला एकेक प्रत. सहा तंबू, सगळे माळावर. काठावर गाडी न्यायची नाही. स्पीकर नाही, जनरेटर नाही, फटाके नाहीत. अंधार पडल्यावर पाण्याच्या दिशेने दिवा नाही. काठावर जायचं ते सकाळी, गावातल्या पोरासोबत, पायी. मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता कळवायचं. जून ते सप्टेंबर बंद. 31 डिसेंबरलाही बंद, हे कलम त्याने स्वतःहून घातलं.
खाली माझी सही साक्षीदार म्हणून.
पुढच्या हंगामात सुधेकाठी यायचं असेल तर जरूर या. थंडीत या, जाड पांघरूण आणि दुर्बीण आणा. कचरा परत घेऊन जा. रात्री सातनंतर आवाज करू नका. तेव्हा पट्टकादंब जेवायला निघतात.

11 फेब्रुवारी
ग्रामसभेची तारीख लागली. शाखा कार्यालयाचं उत्तर अजून नाही.